हळदीचा उतरलेला रंग आणि आमचे भाऊ

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा भर दुपार होती आणि मी हळदीला खायला घालत होते. हळद म्हणजे आमच्या घरची पाळलेली पाल, लेपर्ड गेको. पिवळ्याधमक अंगावर काळे ठिपके, म्हणून माझ्या लेकीने, केतकीने, तिचं हे नाव ठेवलेलं. चिमट्यातला किडा हळदीने अलगद उचलला आणि तिकडे धुळ्याहून पुतण्या सांगत होता, की भाऊ जेवून जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत... काही आठवडे उलटले त्याला.

भाऊ माझे थोरले दीर. जनावरांचे डॉक्टर. पारोळ्याच्या आणि धुळ्याच्या दवाखान्यांत सगळी नोकरी बैल, म्हशी आणि शेळ्यांमध्ये गेली. निवृत्त झाल्यावरही कुणी ना कुणी गाय घेऊन त्यांच्या अंगणात उभं असायचंच. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्यासमोर पदर सावरून, मोजकंच बोलायची. ते अंतर त्या पालीने कमी केलं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

केतकी पुण्याला शिकायला गेली आणि हळद जळगावला आमच्याकडे राहिली. त्या हिवाळ्यात तिचा रंग उतरायला लागला. आधी वाटलं, कात टाकणार असेल. कातीच्या आधी ती पांढुरकी व्हायचीच. पण कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, बोटांना चिकटून राहिली आणि खालचं अंगही राखाडीच निघालं. एरवी गुबगुबीत असणारी शेपटी काडीसारखी झाली. केतकीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि लगेच डॉक्टरला दाखवायला सांगितलं. गावातल्या दोघा डॉक्टरांनी पालीला हात लावायला नकार दिला. शेवटी ह्यांनी गाडी काढली, मी डबा शालीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि आम्ही धुळे गाठलं.

भाऊंनी झाकण उघडलं. "हाई काय शे?" हे काय आहे, एवढंच अहिराणीत म्हणाले. बाजूला गाय घेऊन आलेला माणूस हसू लागला, तर त्याच्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. मग मला म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. थोडे दिवस ठेव माझ्याकडे, शिकतो."

आणि खरंच शिकले. पुण्यात असे प्राणी तपासणारा एक तरुण डॉक्टर त्यांनी शोधून काढला. वयाने मुलासारखा, पण त्याला 'सर' म्हणत रोज फोन करायचे. विष्ठा तपासली तर पोटात जंत निघाले. त्यांनी थेंबाथेंबाने औषध दिलं, डब्याच्या अर्ध्या भागाखाली ऊब देणारी गादी लावली. दुकानदाराने सांगितलं म्हणून आम्ही नुसत्या अळ्या देत होतो. भाऊ त्या अळ्यांनाच आधी गाजर, लाल भोपळा, मेथीची पानं खाऊ घालायचे आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून तिला द्यायचे. मी फोनवर विचारलं, गाजराने रंग येतो का? तर म्हणाले, "थोडा उजळतो म्हणतात. पण रंग तिचा जन्माचाच आहे गं. पोटात जंत, अंगाला ऊब नाही, मग तो दिसणार कुठून? आधी ती बरी होऊ दे."

महिन्याभराने तिला आणायला गेलो तेव्हा हळद उबेच्या बाजूला ऐसपैस पसरली होती. रंग पूर्ण आला नव्हता, पण मानेपाशी पिवळं दिसत होतं. मी खुशीत बघत होते आणि भाऊ माझ्याकडे बघत होते. जाऊबाईंना हाक मारून त्यांनी मला दारातल्या उजेडात बसवायला सांगितलं आणि स्वतः दोन हात लांब उभे राहिले. जाऊबाईंनी माझी खालची पापणी ओढली. भाऊ लांबूनच वाकून पाहत म्हणाले, "शेळीचं रक्त किती आहे ते मी असंच बघतो. रागावू नको. उद्याच्या उद्या तपासून घे."

सतत येणाऱ्या थकव्याला मी माझी शाळेतली नोकरी आणि वय कारण समजत होते. तपासणीत रक्त फारच कमी निघालं. गर्भाशयात गाठी होत्या, महिनोन् महिने अंगावरून जात होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. आणखी थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशनच्या दिवशी भाऊ एस.टी.ने जळगावला आले आणि बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिले. शुद्धीवर आल्यावर मी त्यांचे आभार मानायला गेले, तर त्यांनी विषय बदलला. "हळदीचं रोजचं खाणं कोण बघतंय?"

मी घरी आल्यावर त्यांनी नवाच उद्योग काढला. नुसत्या अळ्या नकोत, चांगले रातकिडे हवेत. ते धुळ्यात मिळेनात, म्हणून मागच्या खोलीत प्लास्टिकच्या टोपल्यात अंड्यांचे ट्रे मांडून त्यांनी घरीच वाढवायला सुरुवात केली. जळगावला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर जाळीच्या डब्यातून ते पाठवायचे. जाऊबाई वैतागायच्या, त्या किरकिरीने दुपारी डोळा लागत नाही म्हणायच्या.

भाऊंचं सगळं आटोपल्यावर मी त्या खोलीत गेले. वाटलं होतं, आता तिथे काही उरलं नसेल. दार उघडलं तर किरकिर ऐकू आली. टोपल्यात गाजराचा ताजा कीस होता, ओला कापूसही बदललेला. मागे जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या.

"मीच टाकस रोज," त्या म्हणाल्या. "त्यासले उपाशी कसं ठेवसू?"

मग त्यांनी स्टूल ओढलं, आणि आम्ही दोघी तो आवाज ऐकत बराच वेळ तिथे बसलो.