राहिलेलं सातवं पाऊल

कळव्याच्या सुदेश मांजरेकरच्या हाताला यश होतं, पण ते नव्वद टक्क्यांपर्यंत. त्यापुढे हात थांबायचा. घराच्या चार भिंतींपैकी तीन त्याने स्वतः रंगवल्या होत्या, आणि चौथी अशी काही फिकट राहिली होती की पाहुण्यांना वाटायचं, सध्या हीच फॅशन असेल. बेसिनखालचा पाइप त्याने झकास बदलला. शेवटचा आटा आवळायचा तेवढा राहिला. त्या आट्याखाली सहा वर्षं एक स्टीलची वाटी होती.

बरं, माणूस आळशी म्हणावा तर तेही नाही. झेरॉक्स मशीनं दुरुस्त करायची नोकरी तो पंधरा वर्षं चोख करत होता. ठाण्यातल्या निम्म्या ऑफिसांत ‘मांजरेकरांनाच पाठवा’ असा निरोप यायचा. कारण तिथे काम झालं की जॉबकार्डवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी लागते, आणि गिऱ्हाईक मशीन चालल्याशिवाय सही करत नाही. घरी सही कोण मागणार?

घरी संचिता होती, आणि संचिताला अर्धं काम बघवत नसे. सुदेशने खाली ठेवलेला ब्रश, पाना, फॉर्म, जे असेल ते ती उचलायची आणि उरलेलं करून टाकायची. आठ वर्षं तिने हे केलं. मग एका रविवारी तिने वाटीतलं पाणी ओतलं, वाटी घासून फडताळात ठेवली आणि बॅग घेऊन बाळकुमला मावसबहिणीकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. दारातून एवढंच म्हणाली, “सुदेश, मी दमले रे.”

वर्ष गेलं. संचिता थोडी गुटगुटीत झाली, हसायला लागली, जर्मन भाषेच्या क्लासला जायला लागली. सुदेशला स्वतःला काही बरं वाटत नव्हतं, पण तिला बरं वाटतंय हे त्याला दिसत होतं. तो मनाचा सरळ होता. तिने घटस्फोटाचं विचारलं तेव्हा तो ‘हो’ म्हणाला.

कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा केंद्रात बायकांना वकील मोफत मिळतो, हे संचिताला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं होतं. तिथे त्यांना ऐश्वर्या पाटील नावाची वकील मिळाली. वय सत्तावीस, टेबलावर फायलींचा डोंगर आणि त्यामागे डबा.

“परस्पर संमतीने ना? मग सोपं आहे,” ती म्हणाली. “वर्षभर वेगळे राहिलाच आहात. अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, दुसऱ्या तारखेला यायचं, झालं. लग्नाचं सर्टिफिकेट कुठंय?”

“ते ह्याच्याकडे होतं,” संचिता म्हणाली.

“सर्टिफिकेट?”

“नाही. काम.”

सुदेशने छताकडे बघितलं. लग्न झाल्या झाल्या नोंदणीचा फॉर्म त्याने आणला होता, भरलाही होता, मागचं पान तेवढं राहिलं होतं.

“पत्रिका-फोटोवर भागवता येतं तसं,” ऐश्वर्या म्हणाली, “पण सर्टिफिकेट असलं की कोणी प्रश्न विचारत नाही. महापालिकेत जाऊन नोंदवून घ्या.”

“म्हणजे घटस्फोट घ्यायला आधी लग्न करायचं?” सुदेशने विचारलं.

“करायचं नाही सर, नोंदवायचं.”

बाहेर आल्यावर संचिता थांबली. “हे नऊ वर्षांपूर्वीचं काम आहे. आतापर्यंत तुझी सगळी मीच उरकली. हे मी उरकणार नाही. बोटसुद्धा लावणार नाही. एवढं एक पूर्ण करून दे.”

“देतो.”

“नव्वद टक्के नको.”

“शंभर,” सुदेश म्हणाला, आणि स्वतःच जरा घाबरला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीत सुट्टी टाकली आणि नव्या कोऱ्या जॉबकार्डवर कामाचं नाव लिहिलं : ‘संचिता – घटस्फोट’. खाली गिऱ्हाइकाच्या सहीची जागा मोकळी सोडली. एकदा ते जॉबकार्ड झालं म्हटल्यावर माणूस बदललाच. माळ्यावरून पत्रिका काढली. अल्बममधून दोघं दिसतील असा फोटो शोधला; हे सोपं नव्हतं, कारण फोटोग्राफरने सगळं लक्ष जेवणाच्या पंगतीवर दिलं होतं. तीन साक्षीदार गाठले. त्यातले धाकूमामा लग्नाचे मध्यस्थ. लग्नाची नोंदणी म्हटल्यावर त्यांना वाटलं, पोरांचं जुळलं, आणि ते पेढे घेऊन आले. सुदेशने खरं कारण सांगितलं तेव्हा एक पेढा त्यांच्या तोंडात होता. बराच वेळ चावून ते म्हणाले, “सही देतो, पण पेढे परत नेतो.” आणि नेले.

आता राहिली एक सही, लग्न लावलेल्या गुरुजींची. अण्णा गुरुजी कोपरीत राहतात, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दुसरा मजला. त्यांच्याकडे लावलेल्या प्रत्येक लग्नाची वही आहे. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि फॉर्म सुदेशकडे परत सरकवला.

“मी सही करू शकत नाही.”

“का, गुरुजी?”

“वाच.”

वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘मांजरेकर. सप्तपदी – पावले सहा. हॉल रिकामा करण्याची घाई. सातवे नंतर टाकतो म्हणाला.’

सुदेशला सगळं आठवलं. दुपारचा एक वाजलेला, पुढच्या लग्नाची वऱ्हाडी मंडळी दारात उभी, हॉलचा मॅनेजर पंखे बंद करत फिरतोय, फोटोग्राफर हाताला धरून स्टेजकडे ओढतोय. आणि आपण म्हणतोय, “गुरुजी, एकच राहिलंय ना, टाकतो नंतर.”

“नऊ वर्षं वाट बघितली,” गुरुजी म्हणाले. “दोनदा फोनपण केला. लग्न पूर्ण झालं असं लिहून द्यायचं, तर ते पूर्ण झालेलं असावं लागतं.”

“आत्ता टाकतो की.”

“एकटा कुठे जाणार आहेस?”

सुदेशने जिन्यात येऊन फोन लावला. संचिताने सगळं ऐकून घेतलं. मग तिने ऐश्वर्यालाच कॉलमध्ये घेतलं.

“इंटरेस्टिंग आहे,” ऐश्वर्या म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून वाटलं, तिने डबा बाजूला ठेवला असावा. “मॅडम, म्हणजे लग्न पूर्ण झालंच नाही, असाही मुद्दा काढता येईल. टिकेल असं नाही, पण—”

“नको,” संचिता म्हणाली. “सासूबाईंची दोन ऑपरेशनं मी काढली, आठ गणपती केले. मी काय तिथे पाहुणी म्हणून राहिलेले? मोडायचं तर पूर्ण लग्न मोडणार. सहा सप्तमांश नाही.”

“मग ये ना इकडे,” सुदेश म्हणाला.

“कधी?”

“आत्ता. परत राहून जाईल.”

ह्या वाक्याने संचिता इतकी चकित झाली की अर्ध्या तासात रिक्षाने कोपरीला हजर झाली, खांद्याला ऑफिसची पर्स आणि हातात जर्मनचं पुस्तक.

गुरुजींच्या पत्नी रमाबाईंनी तोवर वॉशिंग मशीन बंद करून बाहेरची खोली झाडली होती. पाटावर तांदळाची एकच रास मांडली. उपरणं नव्हतं, म्हणून संचिताच्या ओढणीची गाठ गुरुजींच्या पंच्याला मारून तो पंचा सुदेशच्या खांद्यावर टाकला. त्याच्या टी-शर्टवर कंपनीचं नाव आणि तक्रार नोंदवायचा नंबर होता.

“आधीची सहा धरून चालू,” गुरुजी म्हणाले. “सातवं सख्यासाठी. म्हणजे मैत्रीसाठी. उजवा पाय.”

“हा उजवा?”

“तो डावा. तेव्हाही हाच काढत होतास.”

सुदेशने उजवा पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. सवयच ती. पण ह्या वेळी नुसती सवय नव्हती. त्याच्या लक्षात आलं, हा पाय टेकला की लग्न पूर्ण होणार, आणि पूर्ण झालं की मग ते संपवता येणार. पाय वर आहे तोवर दोन्हीही होत नाही. एका पायावर उभं राहून माणूस किती दिवस काढू शकतो, ह्याचा तो मनापासून विचार करायला लागला.

शेजारी संचिताचाही पाय उचललेला होता. तिने त्याच्याकडे बघितलं. तिला कळलं, नऊ वर्षांत एवढं कळतंच. नेहमीची संचिता असती तर तिने त्याला कोपराने ढकललं असतं आणि काम उरकलं असतं. ह्या वेळी तिने दोन्ही हात घट्ट बांधले.

“माझा क्लास आहे साडेसहाला,” ती हळूच म्हणाली. “पण तू तुझा टेकव. मी थांबते.”

मग सुदेशने पाय खाली टेकवला, पाठोपाठ संचिताने. तांदूळ बाजूला सरले.

“झालं,” गुरुजी म्हणाले, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात वर गेला. “सुखाने नांदा.” मग भान येऊन ते पुढे म्हणाले, “आपापल्या घरी.”

रमाबाईंनी संचिताची ओटी भरली. ‘कशासाठी’ हे त्यांनाही सांगता आलं नसतं, पण सवाष्ण रिकामी कशी पाठवायची, आणि आज तर ती नुकतीच पूर्ण सवाष्ण झाली होती. गुरुजींनी फॉर्मवर सही केली, वहीत सहाचे सात केले आणि समोर तारीख घातली.

महापालिकेत संगणकापुढच्या बाईंनी दोघांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. “जवळ या थोडं. अजून. हसा.” दोघंही हसली, हसू आवरतच नव्हतं. सर्टिफिकेट हातात देताना बाई म्हणाल्या, “अभिनंदन हं.” सुदेश म्हणाला, “थँक्यू. खूप मेहनत घेतली.”

त्याच आठवड्यात घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला. सहा महिन्यांनी दुसऱ्या तारखेला संचिता कोर्टात पोचली तेव्हा सुदेश तासभर आधी येऊन बसला होता. मांडीवर फाइल, सगळ्यात वर ते जॉबकार्ड, खाली सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती, पानांना नंबर. संचिताने ती फाइल पुढून मागे बघितली, मग मागून पुढे. चूक सापडेना. तिला रागच आला.

“हे तुला येत होतं?”

“माहीत नाही,” सुदेश म्हणाला. “मी थांबलो की तू करून टाकायचीस. ह्या वेळी नाही केलंस.”

तेवढ्यात पुकारा झाला.

आत चार मिनिटं लागली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, विचार बदलला नाही ना, दोघं नाही म्हणाली, सह्या झाल्या. ऐश्वर्या पुढच्या केसला पळाली. संचिता बाहेर गेली. सुदेश मात्र तिथेच घुटमळत राहिला. एवढ्यात पूर्ण होणारं काम त्याने कधी बघितलं नव्हतं. तो टेबलावरच्या कारकुनाकडे गेला.

“साहेब, ह्यात अजून काही राहिलंय का?”

कारकुनाने कागद चाळले. “नाही. काही राहिलेलं नाही.”

हे वाक्य सुदेशने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

“साहेब, एक विनंती होती. बाहेर निळ्या ड्रेसमध्ये मॅडम उभ्या आहेत. हेच त्यांना सांगाल का एकदा?”

कारकुनाने आजवर ह्या टेबलावर रडणारे बघितले होते, शिव्या देणारे बघितले होते. हे नवीन होतं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि संचिताला म्हणाला, “मॅडम, ह्यांचं काही राहिलेलं नाही.”

“हो,” संचिता म्हणाली. “बघितलं मी.” आणि पर्समधून पेन काढून तिने मागोमाग आलेल्या सुदेशपुढे हात केला. “आण ते जॉबकार्ड. सही करते.”