मुकादम बाहेर बसली

तिला ‘मुकादम’ हे नाव तिच्या बापानंच ठेवलं, ती नऊ वर्षांची असताना. बाप सुतार. एका गिऱ्हाइकाचं टेबल तयार झालेलं, गिऱ्हाईक खूश, टेबल उचलायला माणसं आलेली, आणि ही बया मध्येच म्हणाली, “थांबा, एक पाय डुगडुगतोय.” बापानं कपाळावर हात मारला. पाय खरंच डुगडुगत होता, ही त्याहून मोठी पंचाईत. तेव्हापासून ती मुकादम. आईनं घातलेल्या चादरीच्या घड्या ती उकलायची, पुन्हा घालायची, आणि वर आईलाच सुनावायची, “एक काम धड होत नाही या घरात!”

असं माणूस चुकीचं बोलत असतं तर बरं झालं असतं. दुर्लक्ष तरी करता आलं असतं. मुकादम बहुतेक वेळा बरोबर असायची, म्हणून तर सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे.

बारावीनंतर कॉलेजच्या स्कॉलर योजनेत तिची निवड झाली. फी माफ, हॉस्टेलची खोली फुकट, आणि त्याबदल्यात अभ्यासाबरोबर ‘व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्व’ नावाचं एक लचांड. दर शनिवारी एक पान लिहून द्यायचं : या आठवड्यात मी काय शिकले. मुकादमनं पहिल्या शनिवारी लिहिलं, ‘काम वेळेत व्हायला हवं असेल तर ते आपणच करावं.’ योजनेच्या प्रमुख मॅडमनी त्याखाली फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या शनिवारी मुकादमनं तेच वाक्य अधिक सुवाच्य अक्षरात लिहिलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक स्कॉलरला पहिल्या वर्षाची तीन मुलं आणि कॉलेजचं एक काम मिळायचं. एका सत्रात ते करून दाखवायचं, शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. त्या परीक्षेत नापास झालं की योजनेतून नाव कमी. मुकादमचं नाव कमी झालं तर फीही गेली, खोलीही गेली, आणि कॉलेज सोडून घरी जाऊन बसायचं. बापाचा उजवा खांदा वर्षभर धरलेला होता. तिकडून काही येण्याची आशा नव्हती, हे तिला न सांगता कळत होतं.

तिच्या वाट्याला खुर्च्या आल्या. जिन्याखालच्या खोलीत साठ मोडक्या खुर्च्या, लिहायला फळी असते तसल्या. कुणाची फळी निखळलेली, कुणाची पाठ तुटलेली. त्या नीट करून वाचनालयात मांडायच्या. मुकादमच्या मनात लाडू फुटले. सुताराच्या पोरीला खुर्च्या! मग तिनं आपली टीम पाहिली आणि सगळा आनंद जागच्या जागी विरला.

एक उंच मुलगा, दाराला टेकला की तासभर टेकलेलाच. त्याचं नाव तिनं खांब ठेवलं. दुसरा कुठेही बसला की पेंगायचा, तो डुलकी. तिसरी मुलगी इतकी हळू बोलायची की समोरच्याला ओठ हललेले दिसायचे आणि आवाज नंतर शोधावा लागायचा. ती कुजबुज.

“अरे देवा,” मुकादम म्हणाली, “एवढ्या कॉलेजात मला हेच तीन नग मिळायचे होते?”

काम सुरू झालं. खांबनं स्क्रू तिरका पिळला, मुकादमनं तो काढून सरळ पिळला. डुलकीनं पॉलिशपेपर उलट्या दिशेनं मारला, मुकादमनं त्याच्या हातातून ओढून घेतला. “सरक. मी करते.” हे तिचं बोधवाक्य. संध्याकाळी तिघं गेले की ती दिवसभराचं काम पुन्हा तपासायची आणि निम्मं नव्यानं करायची. त्यात एक भानगड अधूनमधून निघायची : कुणीतरी दोनचार खुर्च्यांची फळी चक्क डाव्या बाजूला बसवलेली असायची. उजवं-डावं कळत नाही यांना! ती चरफडत स्क्रू काढायची, फळी उलटवायची, उजवीकडे बसवायची. दुसऱ्या दिवशी एखादी पुन्हा डावीकडे. शेवटी तिनं भिंतीवर मोठा कागद चिकटवला : ‘फळी उजवीकडे!!!’ तीन उद्गारचिन्हं, तिघांना एकेक.

योजनेची एक माहितीपुस्तिका होती. मुकादमनं तिची दहा पानं वाचली, छपाईच्या सतरा चुकांना लाल गोल केले, आणि वैतागून पुस्तिका कुजबुजकडे फेकली. “उरलेलं तू वाच. काही महत्त्वाचं असेल तर सांग.”

कुजबुजनं वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं सांगायला तोंड उघडलं, “ताई, अकराव्या पानावर...”

“मोठ्यानं बोल नाहीतर बोलू नकोस,” मुकादम म्हणाली. कुजबुज बोलली नाही. असं तीनदा झालं.

परीक्षेला तीन आठवडे राहिले तेव्हा मॅडम खोलीत डोकावल्या. खुर्च्यांवरून हात फिरवला. “छान झाल्यात. परीक्षेला टीम सगळं करून दाखवेलच. तू बाहेर बाकावर बस, म्हणजे झालं.”

“मी? बाहेर?”

“अकरावं पान. लीडर आत नसतो. शेवटी एका प्रश्नाला तेवढं बोलावतात.”

मॅडम गेल्या आणि मुकादमच्या पायाखालची जमीन सरकली. आत हे तिघं करणार? खांबच्या हातात ड्रिल? परीक्षकांसमोर डुलकी बोलणार? संपलं. बाडबिस्तरा बांधायला घ्यावा. ती तिघांवर खेकसली, “मला कुणी सांगितलं का नाही?”

“मी तीनदा सांगितलं,” कुजबुज म्हणाली. या वेळी आवाज स्पष्ट ऐकू आला.

त्या रविवारी मुकादम घरी गेली. दारातच आईनं तोंड वाकडं केलं. “ये. तुझ्या बापानं अजून एक माणूस पळवून लावला.”

बापाच्या खांद्यामुळे हाताखाली नवा सुतार ठेवला होता. अनुभवी माणूस, दोन पोरांचा बाप. बापानं त्याचा प्रत्येक सांधा उकलून पुन्हा जोडला. महिनाभर त्यानं ऐकून घेतलं आणि आज सकाळी हत्यारं पिशवीत भरून चालता झाला. गेल्या वर्षभरातला हा चौथा.

“त्याला जमत नव्हतं,” बाप म्हणाला आणि दुखऱ्या खांद्यानं करवत उचलायला गेला. चेहरा वेदनेनं आवळला, पण करवत सोडली नाही.

मुकादमचं डोकं फिरलं. “जमेल कसं? तुम्ही करूच देत नाही कुणाला! माणसाला वाटतं, कशाला मरायचं, हा म्हातारा परत उकलणारच आहे. खांदा गेला तरी अक्कल येत नाही तुम्हाला. एक दिवस एकटेच बसाल लाकडं मोजत!”

आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली आणि लेकीकडे नुसतं पाहिलं. बोलली असती तर मुकादमनं उत्तर दिलं असतं. त्या नजरेसमोर मुकादमला आपलंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. बापाला नव्हे, ती स्वतःलाच बोलली होती, आणि हे समजायला तिला एवढा प्रवास करून यावं लागलं होतं.

सोमवारी तिनं भिंतीवरचा कागद काढला आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली, हाताची घडी घालून. खांबनं स्क्रू तिरका पिळला. मुकादमनं दात आवळले. खांबनं तो स्वतःच पाहिला, काढला, सरळ पिळला. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तिचा जीव वर-खाली झाला, पण ती उठली नाही. डुलकी बोलायची तयारी करता करता दोनदा पेंगला, तरीही नाही. वर्गात झोपणारा हा मुलगा गिऱ्हाइकाशी गप्पा माराव्यात तसा छान बोलतो, हे तिला त्याच आठवड्यात समजलं.

मग कुजबुजनं सहा खुर्च्या बाजूला ओढल्या आणि फळ्या डावीकडे बसवायला लागली.

“का?” मुकादमनं विचारलं. विचारताना तिनं स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं.

“मी डावखुरी आहे ताई. शाळेपासून अंग पिळवटून लिहिते. वाचनालयात माझ्यासारखे आणखीही असतील.” ती थांबली. “तुम्ही त्या बारा वेळा उलट्या केल्यात.”

बारा वेळा! पोरगी मोजत होती आणि दर वेळी मुकाट्यानं पुन्हा बसवत होती. मुकादमला इतकी लाज वाटली की तिला ‘सॉरी’ म्हणायलाही सुचेना. ते तिनं दुसऱ्या दिवशी म्हटलं, तिघांनाही, आणि तेही रागावल्यासारखंच.

परीक्षेच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसली. आतून ड्रिलचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग हसण्याचा. हसतायत का? कुणाला हसतायत? ती उठली.

“तिसऱ्यांदा उठलात,” दारातले शिपाईकाका म्हणाले. “बसा हो बाई, मला चक्कर यायला लागली.”

अखेर बोलावणं आलं. आत दोन परीक्षक आणि मॅडम. त्यातले जाडे परीक्षक एका डाव्या फळीच्या खुर्चीवर हात ठेवून उभे होते. “लीडरला एकच प्रश्न. फळी उलटली की खालची भोकं जुळायला नकोत. मग ही इतकी पक्की कशी बसली?”

मुकादमला माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं, कारण विचारलं असतं तर ती स्वतःच शिकवायला लागली असती. लहानपणापासून सुताराच्या दुकानात बसलेल्या तिला एखादं खपेल असं उत्तर सहज रचता आलं असतं. फी, खोली, डिग्री, सगळं त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. “कल्पना तिची, काम तिचं. मी ते बारा वेळा मोडलं. तिला विचारा.”

कुजबुजचे ओठ हलले. परीक्षकांनी कान पुढे केला, मग वैतागून मुकादमकडे वळले. “काय म्हणते ती? तू सांग बघू.”

मुकादमनं तोंड उघडलं. सवयच ती. मग मिटलं.

“सर,” ती म्हणाली, “तुम्हीच जरा जवळ सरका. ती सांगेल.”

सर सरकले. कुजबुजनं खुर्ची उलटी केली आणि फळीखाली शेवटच्या तीन आठवड्यांत नव्यानं बसवलेला लाकडाचा तुकडा बोटानं दाखवत सांगत राहिली. पूर्ण दहा मिनिटं.

संध्याकाळी यादी लागली. मुकादम पास. तिनं घरी फोन लावला.

“काय केलंस परीक्षेत?” बापानं विचारलं.

“काही नाही. बाहेर बसले होते.”

“त्याचे मार्क देतात?”

“दिले.”

मागे आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

“बरं,” बाप शेवटी म्हणाला, “त्या सुताराला उद्या परत बोलावतो. सगळं त्यालाच करू दे. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो.” मग घसा खाकरून, हळूच, “फक्त शेवटचा सांधा तेवढा मी...”

“बाबा!” मुकादम इतक्या जोरात ओरडली की हॉस्टेलच्या तीन खोल्यांची दारं उघडली.