मेव्हणीला विकलेला माग

माग विकायचा ठरला तेव्हा जाहिरात मी लिहिली. सागवानी, उभ्या चौकटीचा, पन्हा तीस इंच. फणीला गंज नाही, लाकडाला कीड नाही, दर उन्हाळ्यात जवसाचं तेल. पायाखालच्या एका पट्टीची दोरी मागच्या वर्षी बदलली, हेही लिहिलं. बायको म्हणाली, "हे कशाला? कोण विचारतंय?" मी म्हटलं, कोणी विचारण्याआधी सांगितलेलं बरं.

माग तिचा होता. तिचा उजवा खांदा आता वर जात नाही आणि डॉक्टरांनी विणणं बंद करायला सांगितलं. मी विणकर नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. पण ताणा, म्हणजे उभे धागे, भरायला दोन माणसं लागतात. एक पुढं बसून आकड्यानं धागा ओढतो, दुसरा मागं बसून एकेक धागा हातात देतो. तो दुसरा मी. पंधरा वर्षं सुट्टीच्या दिवशी मी मागच्या स्टुलावर बसलो आहे.

फोटोही मीच काढला. त्यात फणीतून लोंबणारी धाग्यांची टोकं स्पष्ट दिसत होती. कापड पुरं झालं की ते कापून घ्यायचं, पण उरलेल्या ताण्याची हातभर टोकं मागातच ठेवायची, अशी पद्धत आहे. पुढचा ताणा त्या टोकांना एकेक करून सांधला की आपोआप जागेवर ओढला जातो. नक्शी असते ती या टोकांत. तारांच्या आठ ओळी, आणि कोणता धागा कोणत्या ओळीतल्या डोळ्यातून जातो तो क्रम, हीच नक्शी. बायकोची नक्शी म्हणजे बारीक शंकरपाळी, आणि दर तिसऱ्या शंकरपाळीच्या पोटात एक टिंब. तिनं ती दोन पावसाळे खपून बसवली होती.

पहिला फोन मेव्हणीचा आला. बायकोची मावसबहीण, वयानं लहान. उस्मानपुऱ्यात तिचं कापडाचं दुकान आहे.

"दाजी, बाहेर कुठं देता? घरातली वस्तू घरात राहू द्या की."

"घे. तुला कोण नाही म्हणतंय?"

"पण झाडपूस करत बसू नका हं. आहे तसाच द्या. धाग्याला हात लावू नका."

तेव्हा मला कळलं, तिला लाकूड नको आहे.

मी म्हटलं, "मागाला ओरखडासुद्धा नसंल. धाग्याचा शब्द मी देत नाही."

ती हसली आणि बयाणा पाठवून दिला. तिला वाटलं, दाजी नेहमीसारखं तोलून मापून बोलतायत.

ही मेव्हणी बायकोकडंच विणायला शिकली. पट्ट्या दाबायचा पायांचा क्रम तिनं बघून बघून उचलला, धागे ओवायचा क्रम तेवढा राहिला. नंतर बायकोचे स्टोल स्वतःच्या दुकानाची पट्टी शिवून विकू लागली. तेही आम्ही चालवून घेतलं. मग एका प्रदर्शनात एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही नक्शी कोणाची? मेव्हणी म्हणाली, "माझी." शेजारी बसलेल्या बायकोकडं बघून ते गिऱ्हाईक म्हणालं, "आणि या?" तर म्हणाली, "या आमच्याकडं विणायला येतात." मी पाठीमागं खोकी बांधत होतो. बायकोनं हातातल्या स्टोलची घडी केली, ती सरळ केली, पुन्हा केली. घरी येताना स्कूटरवर ती एवढंच म्हणाली, "भूक लागली."

ते मी विसरलो नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही.

माग मेव्हणीलाच द्यायचा हे मी बायकोला सांगितलं, आणि टोकं काढून घेणार आहे हेही. नक्शी तिची, तेव्हा तिला विचारणं भाग होतं. ती उठली, पुढच्या पाटावर बसली आणि म्हणाली, "मागं बसा."

जे धागे मी एकेक करून पुढं दिले होते ते ती एकेक करून माझ्याकडं परत सोडू लागली. डाव्या हातानं. मी म्हटलं, "कापून मूठभर ओढले तर पटकन होईल." ती म्हणाली, "तारा वाकतील. आणि फणीत कुसळ ठेवू नका, नाहीतर म्हणेल माग खराब दिला." शेवटी तिनं दातांच्या ब्रशनं फणी घासली. इतका स्वच्छ माग मी कधी बघितला नव्हता. तारांचे रिकामे डोळे लखलख करत होते. बायको बघत राहिली आणि मोठ्यानं हसली. बऱ्याच महिन्यांनी.

मेव्हणी टेम्पो घेऊन आली. नेमका नळाला पाणी यायचा दिवस होता, बायको अंगणात पिंप भरत होती. मेव्हणी आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"दाजी, टोकं कुठं गेली?"

"काढली."

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नका!"

"व्हय. आणि मी शब्द दिला नव्हता. मागात काही कमी असंल तर दाखव. नको असंल तर बयाणा हा घे परत."

पाकीट मी खिशात तयार ठेवलं होतं. तिनं घेतलं नाही. नव्या ताण्याचं बंडल टेम्पोतच होतं, आणि सोमवारी तिच्या वर्गाला मुली येणार होत्या, तिची नक्शी शिकायला. हे तिनंच घाईघाईत सांगून टाकलं. टेम्पोवाला हमालाला म्हणाला, "मग उचलायचं का नाय? मॅडम, उन्हं वर आली."

मेव्हणी पिंपापाशी गेली. आवाज एकदम मऊ.

"ताई, कागदावर तरी काढून दे की गं."

बायकोनं पाण्याची नळी दुसऱ्या पिंपात टाकली. "तुझ्या दुकानात स्टोल आहेत ना? भिंग घे आणि धागे मोजत बस. मला दोन पावसाळे लागले. तू हुशार आहेस, तुला एक पुरंल."

हमालांनी माग उचलला. दाराला लागू नये म्हणून मी स्वतः कोपऱ्यावर गोधडी धरली. टेम्पो निघेपर्यंत मेव्हणीनं आमच्याकडं पाहिलं नाही.

उस्मानपुऱ्यातून जाताना मी आजही स्कूटर हळू करतो. दुकानाच्या काचेत आता उभ्या पट्ट्यांचे स्टोल असतात, साध्या विणीचे. विणकाम चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. शंकरपाळी नाही. बायकोला घरी येऊन सांगतो, "अजून पट्ट्याच." ती विचारते, "टिंब?" मी म्हणतो, "नाही." मग ती चहा टाकते.

लोक म्हणतील, एवढं कशाला मनात धरायचं? धरलंय. बरं वाटतं.