अक्कांचा पेटा

“डोकं जरा खाली घे की रे, पेटा बसंना!”

नोकरीच्या पहिल्या दिवशी, कागदपत्रं उरकून दुपारी चारला काचेच्या दाराबाहेर उभी असताना मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आत एक ताडमाड मुलगा गुडघे वाकवून उभा होता. खुर्चीवर चढलेल्या पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई त्याच्या डोक्यावर जरीचा म्हैसुरी पेटा दाबत होत्या. मुलाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, भोवती दहा-बारा जण टाळ्या वाजवताहेत. मला वाटलं, त्याचं लग्न ठरलं असावं.

लग्न नव्हतं. प्रज्वलनं, म्हणजे त्या मुलानं, सकाळी कॉम्प्युटरवरची चुकीची खिडकी बंद करून आमची सगळी यंत्रणा अर्धा तास झोपवली होती. त्याबद्दल हा सत्कार.

आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक सिटीत. काम साधं: दवाखान्यांच्या वतीनं लोकांच्या फोनवर निरोप पाठवायचे. उद्या दहाला या, उपाशीपोटी या, रिपोर्ट विसरू नका. त्या ठेंगण्या बाई आमच्या टीमच्या प्रमुख. निपाणीच्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलत. मला मात्र त्यांचं सगळं बोलणं आता मराठीतच आठवतं.

पेटा आणि शाल त्यांनी चिकपेटच्या बाजारातून घासाघीस करून आणली होती. दर शुक्रवारी चारला, ज्यानं आठवड्यातली आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली, त्याला मान मिळायचा. दुसऱ्याची चूक सांगायची नाही. आणि सांगून झालं की सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारायचा: “काय असतं तर चुकला नसतास?” प्रज्वल म्हणाला होता, दोन्ही खिडक्या सारख्याच दिसतात. सोमवारी एका खिडकीला लाल किनार आली. ती अजून आहे.

नारळ मात्र एकच. “परत करायचा हं,” अक्का प्रत्येकाला बजावायच्या, “घरी नेऊन चटणी करायची नाही.” वर्षभर तो नारळ इतक्या हातांतून फिरला की हलवला तरी आत पाणी वाजेनासं झालं.

तुम्ही ऑफिसात काम केलं असेल तर भिंतीवरची ती तसबीर तुम्हीही पाहिली असेल: उडणारा गरुड, खाली इंग्रजीत ‘निर्भय व्हा’. ती आमच्याकडेही वरून आली. अक्कांनी नाक वर करून ती पाहिली. “गरुडाला काय जातंय? त्याला कुठं मीटिंग असते!” आणि तसबिरीच्या खिळ्याला पेटा अडकवून टाकला. तेव्हापासून गरुडाचा एक डोळा पेट्याखाली गेला.

हळूहळू लोकांना त्या पेट्याची चटक लागली. चूक झाली की माणूस लपायच्या ऐवजी अक्कांच्या टेबलाकडे पळायचा. एकानं तर “मी फार जास्त काम केलं, ही माझी चूक” असं सांगून पाहिलं. अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. “ही चूक नव्हे, ही फुशारकी. बस खाली.”

आणखी एक नियम होता, तो त्या गंभीरपणे सांगायच्या. “खोलीत नाव तुमचं. खोलीबाहेर नाव माझं.” म्हणजे वरच्या साहेबांनी विचारलं तर उत्तर अक्का देणार.

मी या सगळ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर. मला बोलायचं असलं की वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचं, मग तपासायचं, आणि तोवर विषय बदललेला असायचा. मी मराठी आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. एकदा कीबोर्डवर पाणी सांडलं आणि तोंडून “अगं आई गं!” निघालं. पलीकडून अक्कांची मान गर्रकन वळली.

“कुठली गं तू?”

“इथलीच.”

“इथली म्हंजे?”

“बाबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते.”

“आणि इतके दिवस मला कन्नड बोलायला लावलंस होय?” त्या हसल्या, आणि पुसायला स्वतःचा रुमाल दिला.

आता माझी चूक.

मारतहळ्ळी भागातले दोन दवाखाने आमच्याकडे होते. एक दातांचा, एक पाळीव प्राण्यांचा. पडद्यावर दोघांच्या याद्या एकाखाली एक, याद्यांची नावं सारखीच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. एका मंगळवारी कुत्र्यांच्या लसीचा निरोप पाठवायचा होता. मी यादी निवडली, बटण दाबलं आणि डबा खायला गेले.

दातांच्या सगळ्या पेशंटना निरोप गेला: ‘उद्या सकाळी दहाला त्याला घेऊन या. गळ्यात पट्टा असावा. चावण्याची सवय असल्यास तोंडाला जाळी घालावी.’

दुसऱ्या दिवशी दहाला एक आजी नवऱ्याचा दंड धरून दातांच्या दवाखान्यात हजर. “यांना आणलंय,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “चावत नाहीत, पण ओरडतात.” आणखी एकानं फोन करून विचारलं, जाळी तुमच्याकडे मिळेल का.

आमच्या खोलीत लोक टेबलावर डोकं ठेवून हसत होते. डॉक्टर हसत नव्हते. त्यांनी वरच्या साहेबांना झापलं, आणि साहेब खाली आले.

“कुणी केलं हे?”

माझं वाक्य तयार होतं. इंग्रजीत होतं, मराठीत होतं, अगदी मोडक्या कन्नडमध्येही होतं. मी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

“माझ्या हातून झालं, सर,” अक्का म्हणाल्या.

“तुमच्याकडून अपेक्षा नव्हती,” साहेब म्हणाले आणि गेले.

निरोप कुणी पाठवला हे अक्कांना एका क्लिकवर दिसत होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. शुक्रवारी चारला त्या बराच वेळ थांबल्या. कुणीच उठलं नाही. मग त्यांनी स्वतःच पेटा घातला. तो त्यांच्या भुवयांपर्यंत आला.

“काय असतं तर चुकला नसता?” सगळे ओरडले.

“नवा चष्मा!”

हशा झाला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा जास्तच. चष्म्यानं काही सुटणार नव्हतं, हे खोलीत दोघींनाच माहीत होतं. त्या याद्या तशाच राहिल्या.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी, सगळं आवरल्यावर, अक्का एकदा म्हणायच्या, “आणखी कुणी?” म्हणताना बघायच्या नारळाकडे. माझ्याकडे कधीच नाही. मी दर शुक्रवारी ठरवायची, पुढच्या शुक्रवारी.

मग एके दिवशी कळलं, अक्का नोकरी सोडून निपाणीला चालल्या. त्यांची आई थकली होती. म्हणजे शुक्रवार संपत आले होते.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी प्रज्वल माझ्या शेजारी बसून कुत्र्यांचा निरोप पाठवत होता. बोट नेमकं दातांच्या यादीवर.

“ती नको! खालची!”

माझा आवाज एवढा मोठा असू शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं. प्रज्वल खुर्चीसकट मागे सरकला.

“तुला कसं कळलं?”

मी पाणी प्यायला निघून गेले. नळाशी उभं राहून अर्धी बाटली प्यायले, अर्धी ओढणीवर सांडली.

चारला वरचे साहेब स्वतः आले. फळांची करंडी, खरी रेशमी शाल. “मॅडमना पेटा घाला,” ते म्हणाले. प्रज्वलनं गरुडाच्या डोक्यावरून पेटा काढून अक्कांच्या डोक्यावर ठेवला. गरुडाचा झाकलेला डोळा उघडा पडला. भाषणं झाली. साहेबांनी संस्कृतीवर, प्रेरणेवर, मोकळेपणावर बरंच सांगितलं. अक्का पेटा भुवयांवरून वर ढकलत ऐकत होत्या.

“सरी, बरं,” शेवटी त्या म्हणाल्या. “आता चहा घेऊ या.” आणि सवयीनं हातातल्या नारळाकडे बघत, “आणखी कुणी?”

सगळे हसले. निरोपाच्या दिवशी कोण चूक सांगतंय, तेही साहेबांसमोर!

माझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. माना वळल्या. का कोण जाणे, मला हसू येत होतं. वाक्य जुळवलं नव्हतं, तपासलं नव्हतं. अक्कांनी नारळावरून नजर उचलली आणि पहिल्यांदाच थेट माझ्याकडे पाहिलं.

“अक्का, डोकं जरा खाली घ्या,” मी म्हणाले. “तो पेटा माझा आहे. त्या आजोबांना पट्टा बांधून बोलावणारी मीच.”