हरभऱ्याची पट्टी

आष्ट्याच्या आमच्या रानात ओढ्याकडच्या तुकड्याला अजूनही हरभऱ्याची पट्टी म्हणतात. तिथे शेवटचा हरभरा झाला तेव्हा मी शाळेत होतो. थंडीत आई भाजीसाठी ओचा भरून कोवळे शेंडे खुडून आणायची. मग नदीचं पाणी पाईपलाइनने वर आलं आणि सगळ्या शिवारासारखा आमच्याकडेही ऊस आला.

पाण्याची पाळी आली की रान ओलं असो नाहीतर कोरडं, पाणी घ्यायचंच. पाळी सोडणाऱ्याची पारावर चेष्टा व्हायची. वडिलांनी एकही पाळी सोडली नाही, त्यांच्यामागे मीही नाही. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, यावर आमची देवाइतकीच श्रद्धा होती.

एका उन्हाळ्यात पट्टीच्या खालच्या टोकाला पांढरं फुटलं. आई म्हणाली, "पीठ सांडलंय का काय रं?" ते मीठ होतं. मुरवलेलं पाणी खालून वर येताना घेऊन आलं होतं. पुढे ऊस गुडघ्याएवढा राहिला, मग तेवढाही येईना आणि वेड्या बाभळी माजल्या. मी खताला शिव्या दिल्या, पाण्याला दिल्या, शेजाऱ्यांना दिल्या. स्वतःचा नंबर लागायला फार वर्षं गेली.

शेवटी मी जमिनीखाली छिद्रांचे पाईप पुरून घेतले. खारं पाणी त्यांतून ओढ्याला जातं. तीन पावसाळे जमीन धुवून निघाली. आईने ऐंशी ओलांडली होती. दर दिवाळीला ती विचारायची, "औंदा तरी घरची भाजी खायला मिळंल का न्हाई?" सांगलीच्या मंडईतून मी जुडी आणायचो. ती चिवडायची आणि म्हणायची, "ही आपल्या रानातली न्हवं."

गेल्या थंडीत पट्टीच्या वरच्या टोकाला चार गुंठे हरभरा पेरला आणि तो खरोखर आला. आईला गाडीत बसवून बांधावर नेलं. तिने वाकून पानाला बोट लावलं, जिभेवर टेकवलं. "आंबट हाय," म्हणाली. "अजून आठ दिस जाऊ दे, मग खुडू." एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाळी आली. दुपारच्या उन्हात पानं जराशी मलूल दिसत होती. चुलतभाऊ बांधावरून म्हणाला, "आवं दादा, पाळी आलीया. घेताय न्हवं पाणी?"

हरभऱ्याला आता पाणी नको, तेही या जमिनीत तर नकोच, हे मीच गावभर सांगत फिरलो होतो. तरी पाना घेतला, वाकलो आणि व्हॉल्व्ह उघडला. विचार असा काही केलाच नाही. वर बांधावर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. बरं वाटत होतं.

आठवड्यात हरभरा पिवळा पडून बसला. मी घरी आलो तेव्हा दिवस मावळायच्या आत आई जेवायला बसली होती. "पाणी मीच दिलं," म्हणालो.

तिने घास संपवला. "तुजा बाप बी आसाच. पाणी बघितलं की ऱ्हावायचं न्हाई त्येला." मग म्हणाली, "काय वाचलं का?"

बांधालगत पाणी चढलं नव्हतं तिथली एक ओळ वाचली होती. दुसऱ्या दिवशी मूठभर शेंडे आणले. तिने स्वतः भाजी केली. दोघांना दोन-दोन घास आली. मी खाली मान घालून खाल्ली, वर बघायचं धाडस नव्हतं.

ताट सारून ती म्हणाली, "फुडच्या थंडीत पाळी आली की तू तुज्या लेकीकडं सांगलीत विश्रामबागला जाऊन बस. आन् जाताना त्यो पाना माज्याकडं दिऊन जा."

मी पाना त्याच दिवशी तिच्या उशाशी नेऊन ठेवला. पुढच्या थंडीला आपण असणार, हे तिने धरूनच ठेवलं आहे. मला तेवढं धरायची भीती वाटते.