टपाल दहाला येतं

हे लिहायला बसलो खरा, पण आधी क्षमा मागतो. आमच्या घरात पत्रापलीकडे आजवर कुणी काही लिहिलेले नाही, आणि पत्रेही बहुतेक दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. तेवढ्यावरून आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे असे मानणे धाडसाचे आहे, हे मला कळते. शिवाय सांगायचे आहे ते एवढेच, की मी पोहायला कसा शिकलो. कृष्णाकाठच्या सांगलीच्या मुलांना यात नवल वाटणार नाही. पण मी वडूजच्या पलीकडचा. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरावी लागते.

माझा थोरला भाऊ पलटणीत होता. मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे मॅट्रिकच्या दोन वर्षे अलीकडे, असताना एक सरकारी कागद आला. इंग्रजी वाचणारा घरात मी एकटाच, म्हणून तो मलाच वाचावा लागला. मलायात जपान्यांशी झालेल्या लढाईनंतर भाऊ बेपत्ता आहे, असे त्यात होते.

"ठावठिकाणा लागंना म्हणत्यात," मी सांगितले.

"म्हंजी जिता हाय का न्हाई?" वडिलांनी विचारले.

"ते लिवलं न्हाई, आबा."

"नीट वाच."

मी तीनदा वाचला. त्यात आणखी काही नव्हते.

पुढे मी मॅट्रिक झालो आणि वडिलांनी मला सांगलीला बोर्डिंगात आणून सोडले. त्याच पावसाळ्यात लढाई संपली. शेजारच्या गावांतले दोघे परत आले, एकाची तार आली. आमच्या घरी काहीच आले नाही. काही कळले तर लगेच पत्र टाकायचे, असे वडिलांशी ठरले होते. बोर्डिंगात टपाल दहाला यायचे. मी पहाटे उठल्यापासून दहाची वाट पाहायचो, आणि दहानंतर दुसऱ्या दिवसाची. पुस्तकाचे एकच पान तासभर पुढ्यात असायचे. पहिल्या सहामाहीत दोन विषयांत नापास झालो.

बोर्डिंगातली मुले सकाळी कृष्णेवर पोहायला जात. मी घाटाच्या पायरीवर बसून तांब्याने आंघोळ करी. तिथे एक नावाडी होता. पूल झाल्यापासून त्याच्या नावेला गिऱ्हाईक थोडे. सगळे त्याला मामा म्हणत. एकदा तो म्हणाला, "लय लांबनं आलास रं, तांब्यानं आंघोळ कराया."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या पाठीला तरंगण्यासाठी वाळका भोपळा बांधला. सात-आठ वर्षांची पोरे भोपळ्याशिवाय माझ्या अवतीभोवती सुळकन पोहत होती, आणि मी मिसरूड फुटलेला गडी भोपळ्याला लोंबकळत होतो. त्यात माझी एक विचित्र खोड निघाली. तोंडात पाणी गेले की मी ते गिळायचो. रोज पोट टम्म फुगून बाहेर यायचो.

"थुकत का न्हाईस?" मामाने विचारले.

 आमच्या घरी पिण्याजोगे पाणी थुंकले तर आई हात उगारते. ते सांगितल्यावर मामा पोट धरून हसला. मग त्याने माझ्या भोपळ्याची गाठ आवळली. "थुक गड्या," तो म्हणाला. "हितं तुला कोन मारत न्हाई. तू पिऊन कृष्णा आटायची न्हाई."

थुंकायला शिकायला मला आठवडा लागला.

भोपळा सुटला तरी मी चार हात मारले की बुडायचो. मामाच्या ते ध्यानात आले. "अंग हितं हाय, पन ध्यान न्हाई. कुटं असतं रं तुजं ध्यान?"

मी भावाचे सांगितले. कॉलेजात कुणालाच सांगितले नव्हते. त्याने सगळे ऐकून घेतले. वाईट झाले किंवा देव बरे करील, असे काही म्हणाला नाही. विचारले, "टपाल कवा येतं?"

"दहाला."

"आता किती वाजलं?"

"सात वाजले असतील."

"मग टपालाची काळजी दहाला कर की. सातची येळ कशाला दहाला देतोस? आता ह्यो हात हाय. ह्यो मारला की दुसरा."

हे ऐकून माझी काळजी गेली असे नाही. पण मी करून पाहिले. उजवा हात पाण्यात जाताना त्याच्याकडेच बघायचे, मग डाव्याकडे. मन पळाले की पुन्हा हाताकडे आणायचे. पाण्यात जमायला महिना लागला. मग तेच मी पुस्तकाशी करून पाहिले: ही ओळ, मग पुढची. दहा वाजले की टपाल बघून यायचो, पत्र नसले की तसाच माघारी, आणि पुन्हा ती ओळ. पुढे दुसऱ्या सहामाहीत पास झालो ते या नावाड्याच्या जिवावर. त्याला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास कॉलेजची पोहण्याची शर्यत होती. घाटावरून निघून समोरचा सांगलवाडीचा काठ शिवायचा आणि परत यायचे. मी नाव दिले. पहिला येण्याचा प्रश्नच नव्हता. नुसते जाऊन यायचे होते. मागे पडणाऱ्यांसाठी मामा नाव घेऊन होता.

पलीकडचा काठ शिवून मी वळलो. नदीच्या मध्यावर आलो असेन. दम घ्यायला मान वर केली, तर घाटावर, मुलांच्या घोळक्यापासून जरा बाजूला, एक लाल पागोटे दिसले. हातात जोडे धरून उभा असलेला माणूस. चेहरा दिसत नव्हता, पण उभे राहण्याच्या ढबीवरून ओळखले. वडील मला सोडायला आले तेव्हापासून पुन्हा सांगलीला आले नव्हते. साध्या कामासाठी ते कधीच आले नसते.

माझे हात थांबले. नाकातोंडात पाणी गेले. मामाने नाव जवळ आणली.

"मामा, माजं वडील आल्यात. घाटावर."

तो समजला. घाटाकडे पाहून म्हणाला, "नावंत येतोस? ये. पन ही दोन पोरं मागं हायत, त्यास्नी टाकून मला जाता येनार न्हाई. तुला आधी पोचायचं असंल तर पवत जा."

मी नावेची कड धरून होतो. काठ फार लांब वाटत होता. जे काही असेल ते तिथे उभे होते.

"तिकडं बघू नगंस," तो म्हणाला. "ह्यो हात."

मी कड सोडली. उजवा हात मारला, मग डावा. मध्येच आईचा चेहरा आला, घरापुढे जमलेली माणसे आली. मी पुन्हा हाताकडे बघितले. किती हात मारले ते मोजले नाही. आजही मला त्या निम्म्या नदीतले आठवते ते फक्त हिरवट पाणी आणि त्यात शिरणारी माझी बोटे. मग पायाला पायरी लागली.

वडील शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले दिसले. एवढ्या पाण्यात पोरगा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी वाकून माझे मनगट धरले आणि मला वर ओढले. 

"भिऊ नगंस," ते म्हणाले. "कागद धाडला असता तर फोडायच्या आधीच तू हाय खाल्ली असतीस. म्हनून मीच आलो. थोरला जिता हाय."

पागोट्याच्या घडीतून त्यांनी पत्र काढले. माझे हात ओले, म्हणून त्यांनीच ते माझ्यापुढे उलगडून धरले. अक्षर भावाचेच होते, पलटणीत शिकलेले. कैदेतून सुटका झाली, मद्रासच्या इस्पितळात आहे, फार वाळलो आहे पण ताप उतरला, चालता येऊ लागले की घरी येतो. आणि खाली एकच ओळ: धाकटा मॅट्रिक झाला का, ते कळवावे.