मधली टाळी

गणपतीच्या आरतीला आमची सगळी गल्ली एका ठेक्यात टाळ्या वाजवायची आणि बँडमास्तरांची टाळी नेमकी दोन टाळ्यांच्या मधे पडायची. एखाद्या वेळी पडली तर चूक म्हणावी. हे दरवर्षी, डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने चालायचं. त्यांच्या शेजारी उभा राहिलेला माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत हमखास बिघडायचा. माझी थोरली काकी त्यांच्याकडे असे डोळे वटारून बघायची की आरती सोडून मी तेच बघत बसायचो.

मास्तर दिवसा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आणि लग्नसराईत वरातीपुढे ट्रम्पेट वाजवायला. त्यांचा मेव्हणा बोटीवर नोकरीला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक कॅसेट आणली आणि मास्तरांचं डोकं फिरलं ते कायमचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून ते सांगायचे, "ह्येला स्का म्हणत्यात. वेस्ट इंडीजचं हाय. पावणं, तितं नुस्तं क्रिकेट न्हाय." बाकीचे बँड जिथे ठोका देतात तिथे हे संगीत दम खातं, आणि बाकीचे दम खातात तिथे हे ठोका देतं. आमच्या भागात ते वाजवणारे मास्तर पहिले, आणि पुष्कळ वर्षं एकटेच.

गल्लीतला माणूस म्हणून काकीने थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांचाच बँड सांगितला. कार्यालय जवळ आलं तसा मास्तरांनी स्का काढला. नाचणारे एकमेकांच्या पायांवर पडू लागले. कुणाचं पाऊल चुकतंय यावरून दोन जावयांची जुंपली. घोड्याला मात्र ती चाल भलतीच मानवली. मान डोलावत तो नवरदेवासकट आमच्या कार्यालयावरून पुढे गेला आणि थेट पुढच्या कार्यालयाच्या दारात थांबला. तिथल्या बायका ओवाळायला ताट घेऊन आल्यासुद्धा.

काकी कडाडली, "मास्तर, माझं पोरगं दुसऱ्याच्या मांडवात गेलं असतं की."

"वैनी, घोड्याला कळलं. माणसास्नी जरा येळ लागंल," मास्तर शांतपणे म्हणाले. "एकदा, फकस्त एकदा, मधल्या जागी टाळी वाजवून बगा."

"माझं हात देवाला जोडाय हाईत, तुमच्या बँडाला न्हाईत."

तेव्हापासून मास्तरांनी ध्यासच घेतला. ही बाई एकदा मधली टाळी देऊ दे, मग कोल्हापूर जिंकलं, असं ते मला सांगायचे. काकी काही बधली नाही. सुपाऱ्या कमी झाल्या, बँडातले दोघेतिघे सोडून गेले, पुढे डीजे आले. मास्तर मात्र प्रत्येक वरातीत आपली एक चाल वाजवायचेच. मग कधीतरी कॉलेजची पोरं त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली. आज ती पुण्या-गोव्याला वाजवतात. त्यांनी मास्तरांना स्काचे जनक म्हटलं तर मास्तर म्हणाले, "बाप तिकडं हाय. म्या आपलं दत्तक घेतलंय."

पुढचे दात पडले आणि ट्रम्पेट खुंटीला लागलं. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना रोज मऊ भात नेऊन देणारी काकीच होती. ती रागं भरायची आणि मास्तर तिच्या दोन वाक्यांच्या मधे ताटावर चमचा वाजवायचे. "खोड जाईना म्हाताऱ्याची," असं पुटपुटत ती घरी यायची, पण दुसऱ्या दिवशी भात जायचाच. उन्हाळ्यात मास्तर गेले. मला तो माणूस फार आवडायचा, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी गणपतीची पहिली आरती कशी सुरळीत चालली होती. सगळ्यांच्या टाळ्या एकत्र पडत होत्या, कुणीही बिघडत नव्हतं. काकी मधेच थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मास्तर उभे राहायचे तिथे जाऊन उभी राहिली आणि दोन टाळ्यांच्या मधे टाळी वाजवू लागली. अगदी बरोबर जागी. इतक्या वर्षांत तिला ती पाठच झाली होती. माझा ठेका गेला, शेजारच्याचा गेला, आरती पार विस्कटली.

मी बघतोय हे पाहून तिने पदराने डोळे पुसले.

"कुणीतरी चुकाय पायजे की रं," ती म्हणाली.